दोघांचा विमा

मु. दुबलगुंडी

ती. सिद्धरामअण्णा यांस काशाप्पाचा वाकून नमस्कार.

खजुरीला सगळे सुखरूप असाल. वहिनींचा गुडघा, म्हशीचं पोट आणि तुमचा खोकला, तिन्ही बरे झाले असं धरून चालतो. फोन न करता लिहितोय, कारण फोन तुमच्या बहिणीच्या कमरेला असतो.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून झोप माझ्यावर रुसलीय. हयात बॉयलरच्या घरघरीत गेली, आता घरातली शांतता ऐकत पडून राहतो. दिवसा मात्र लिंबाखाली बसलो की उघड्या डोळ्यांनीच कुठंतरी जातो. अंबू चहा ठेवून जाते आणि त्यावर साय धरली की मला कळतं, चहा आला होता.

अशात कारखान्यानं आम्हा निवृत्तांना बोलावलं. दवाखान्याचा विमा दोन प्रकारचा: एक नुसत्या कामगाराचा, दुसरा नवरा-बायको दोघांचा, हप्ता जवळपास दुप्पट. आधीचे आजारही धरतात, पण एकदा निवडलं की बदल नाही. ऑफिसातल्या श्रीमंत नावाच्या साहेबांनी हे कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत, मग दखनीत. (आमच्या तिप्पण्णानं तिन्ही वेळा मान हलवली अन् शेवटी विचारलं, मेल्यावर पैसे परत मिळतात का?)

मी म्हटलं, दोघांचा घेऊ. अंबू म्हणाली, "मला काय झालंय? माझ्यापायी पैसे कामून घालायलाव?" दवाखान्याचं नाव काढलं की आजार दारात येतो, हे तिचं मत तुम्हाला ठाऊकच आहे (तुमच्याच घरातून आलंय ते). शेवटी एकट्याचा ठरला. फॉर्मवर सही तपासणीनंतर करायची होती, म्हणून आधी तपासणीसाठी आम्ही हुमनाबादला गेलो. अंबू सोबतीला, म्हणजे डॉक्टरवर नजर ठेवायला.

तिथं मला उघडं करून निजवलं, छातीला वायरी चिकटवल्या. आणि अण्णा, भिंतीवरचा जुना एसी घरघरायला लागला. अगदी पलीकडच्या खोलीत बॉयलर चालू असल्यासारखा. डोळे मिटले. बघतो तर बॉयलरच्या उबेतून माझ्या वडलांची, अप्पांची मेंढरं चाललेली, लोकरीवर उसाच्या रसाची वाफ. अप्पा मागून येत होते. त्यांनी मला ओळखलं नाही, तरी हसले. मेंढरांना घाई नव्हती. मलाही नव्हती.

वायरी काढल्या तरी मी उठेना. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली, तेवढ्यात अंबू आत आली. उघडा नवरा, मिटलेले डोळे आणि तोंडावर कधी न दिसलेलं समाधान! तिनं असा हंबरडा फोडला की मी ताडकन उठून बसलो. मेलेला नवरा उठून बसलेला बघून ती जागच्या जागी कोसळली.

मग डॉक्टरांनी तिलाच माझ्या पलंगावर घेतलं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे, त्यानं धाप लागते. कलबुर्गीला मोठी तपासणी करा, कदाचित ऑपरेशन लागेल.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "धाप कधीपासनं लागती?"

ती खिडकीबाहेरच्या तुरीकडं बघत होती. म्हणाली, "उगंच जरा. तुमाला झोप न्हाई, त्यात माझं कामून सांगू?"

म्हणजे ती पण रोज जागीच होती, अण्णा, माझ्या शेजारी, श्वास दाबून.

दुसऱ्या दिवशी श्रीमंतांकडं जाऊन दोघांचा विमा घेतला. तिनं वाद घातला नाही, याचीच जास्त काळजी वाटली.

वहिनींना नमस्कार, लेकरांना माझ्या वाटणीचा गूळ द्यावा.

तुमचा,
काशाप्पा

ता.क. अंबू तपासणीला यायला तयार नाही. सोमवारी तुम्ही या, माहेरच्या माणसाचं ती ऐकेल.

पुन्हा ता.क. वरचं ता.क. खोटं आहे. हे पत्र तिनं वाचलं अन् हसली. ती तयार आहे, पिशवीसुद्धा भरून ठेवलीय. भ्या मला वाटायलंय. तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ कुणीतरी पाहिजे. तेवढ्यासाठी या.