चकाकीविना काच

॥ श्री ॥
दादर, मुंबई
४ जानेवारी १९६३

तीर्थरूप अप्पांचे चरणी लक्ष्मीकांतचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

घड्याळ बाबूरावांबरोबर पाठवलं आहे. सर्व्हिसिंग उत्तम झालं. दरबारातून मिळालेली वस्तू म्हणून दुकानदारानेही जिवापाड जपली.

आता खरी गोष्ट. दिवाळीत तिकडे होतो, तेव्हा रोज सकाळी पाहत होतो. आपण गॅलरीत उन्हात उभे राहून घड्याळ इकडेतिकडे तिरपं करत होतात. चकाकीने काटे दिसत नाहीत, हे मी ओळखलं; तक्रार करणं काही आपल्या स्वभावात नाही. म्हणून जुनी सपाट काच काढून टाकली आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला असतो तसला लेप दिलेली नवी बसवून घेतली. भर उन्हात धरून पाहा, मुळीच चमकत नाही! माझ्याकडून आपण कधी काही घेत नाही, असं मंगला म्हणते. या खेपेला न विचारताच दिलं, त्याची क्षमा असावी.

आपला आशीर्वाद आहे, तो असाच राहावा.
आपला
लक्ष्मीकांत

॥ श्री ॥
तुकोगंज, इंदूर
१२ जानेवारी

चि. लक्ष्मीकांत यास अ. उ. आ.

घड्याळ पोचले. वेळ बरोबर दाखवते. काच चांगली आहे, तुझी हौस समजली. जुनी काच दुकानदारापाशी असल्यास मागून ठेवावी व कोणी येणारे असेल त्याजबरोबर लगेच पाठवावी. घाई आहे असे नाही. प्रकृतीस जपावे. लोभ आहेच.

अप्पा

दादर, मुंबई
१९ जानेवारी

चि. मंगलास अ. उ. आ.

अप्पांना ती ओरखडे पडलेली काच परत का हवी आहे? घाई नाही म्हणतात आणि लगेच पाठव म्हणतात! दुकानदाराकडे गेलो होतो, त्याने ती केव्हाच कचऱ्यात टाकली. हौसेने केलं आणि आवडलं नाही, असंच ना? स्पष्ट लिही. तू तरी मला फसवू नकोस.

तुझा
दादा

तुकोगंज, इंदूर
२७ जानेवारी

ती. दादास मंगलाचा सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. पण दादा, अप्पा घड्याळात वेळ बघतच नव्हते रे. ते समोर नानाकाकांच्या गॅलरीत कवडसा पाडत होते!

राऊ गावच्या जमिनीवरून दोघे भाऊ बोलेनासे झाले, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. मात्र रोज सकाळी इकडून कवडसा जायचा आणि नाना काठी उचलायचे. मी समजत होते, माश्या हाकलतात. रमाकाकूंनी काल सगळं सांगितलं, डोळ्याला पदर लावून. मोतीबिंदूमुळे नानांना रस्त्यापलीकडचा माणूस दिसत नाही, पण कवडसा तेवढा कळायचा. घड्याळ दुरुस्तीला गेलंय, हे काकूंनी माझ्याकडून ऐकून त्यांना सांगितलं होतं, म्हणून नाना धीर धरून वाट पाहत राहिले. मग घड्याळ आलं. नाना रोज विचारत, की अप्पा गॅलरीत आहे का, मनगटावर घड्याळ आहे का. काकू बिचाऱ्या खरं तेच सांगत, की हो, दोन्ही आहे. शेवटी नाना म्हणाले, की छोट्याने तेवढंही तोडलं, और क्या. गेल्या सोमवारी वळकटी बांधून ते हातोदला यशोधराताईकडे राहायला गेले. घर आवरून काकूही उद्या लेकीकडे निघताहेत.

अप्पांना म्हटलं, की माझा आरसा का नाही घेतला? तर माझ्यावरच डोळे वटारले. भर गल्लीत आरसा हलवत उभं राहायला ते काय शेंबडं पोर आहेत? घड्याळाचं ठीक, सहज पडला म्हणता येतं. आता दोन दिवस जेवणात लक्ष नाही त्यांचं.

तुझा दोष नाही. माया पातळ करू नकोस.
मंगला

तुकोगंज, इंदूर
१५ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. नानाकाका गेले. तुला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नानांना धाप लागते असा निरोप आला, म्हणून रविवारी मी अप्पांना ओढूनच हातोदला नेलं. ओसरीपर्यंत आले आणि तिथेच बसले. थोरल्याने बोलावल्याशिवाय आत कसं जायचं, म्हणाले. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, की दाखव, काच बदलली म्हणून सांग. मी आत गेले. नानांनी काचेवरून अंगठा फिरवला, खूप वेळ. मग मोठ्याने, बाहेर ऐकू जावं असंच म्हणाले, की काच बदलली हे ठीक, पण अप्पाला तोंड नव्हतं का सांगायला?

मी धावत बाहेर आले. अप्पा उभे राहिले होते. उंबऱ्यापर्यंत आले सुद्धा. मला वाटलं, झालं आता! पण तिथेच थबकले, टोपी घातली आणि बसस्टँडकडे चालू लागले. यशोधराताई चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली.

दादा, बसमध्ये मात्र ते सबंध रस्ताभर बोलत होते. नाना, चुकलं माझं. नाना, जमीन गेली खड्ड्यात. माझा हात धरून, माझ्याकडे बघून, पुन्हा पुन्हा तेच. मी रडत म्हटलं, की अप्पा, इथेच उतरू, परत जाऊ. तर म्हणाले, की आज नको, गुरुवारी चांगला दिवस आहे, गुरुवारी येऊन सगळं बोलतो.

बुधवारी तार आली.

अप्पांना पत्र लिही. घड्याळाचा विषय काढू नकोस. आम्हां दोघांवर माया राहू दे.
तुझी
मंगला