कालचा पेपर

प्रिय बाबा,

आजचा लेख वेळेआधी पाठवून झाला आणि हात रिकामे राहिले. इतकी वर्षं युद्ध, निवडणूक, बजेट यांवर लोकांसाठी लिहिलं. आज दुपारचं बोलणं मात्र तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तिकडे पश्चिमेला युद्ध लांबतंय. तेल महागलं, पावर हाउस चौकातले ऑटोवाले जास्त भाडं मागतात. इथे निवडणूक आलीये. त्यातच बातमी आली, की नौदलाच्या नव्या जहाजांना दिल्लीत मंजुरी मिळाली. जहाजाला पोलादी प्लेट लागते, आणि प्लेट म्हणजे भिलाई कारखान्यातली तुमची मिल. मग काय! एका उमेदवाराने काल सभेत सांगून टाकलं, "भिलाईला ऑर्डर मिळाली!" आज सकाळी कारखान्याच्या गेटवर पेढे.

दूर कुणाची घरं पडताहेत, म्हणून जहाजांची ही घाई. पेढ्याला त्याची चव लागत नाही.

मंजुरी म्हणजे जहाजं हवीत, एवढंच सरकारने मान्य केलं. निविदा, भाव, करार सगळं पुढे. ऑर्डर त्यानंतर, आली तर. लेखात मी तेवढंच लिहिलं.

पण आपला धाकटा राजू? तुमच्याच मिलमध्ये तो ठेक्यावर आहे, आणि ठेका याच महिन्यात संपतोय. रायपूरला पक्की नोकरी मिळतेय, परवापर्यंत उत्तर द्यायचंय. दुपारी आपल्या वैशाली नगरच्या घरी गेलो, तर हा 'नाही' कळवायला निघालेला!

"कावून?" मी विचारलं.

"ऑर्डर आली न! आता ठेका वाढते. घर सोडून कायले जाऊ?"

"ऑर्डर नाही, राजू. नुसती मंजुरी."

"सारी भिलाई पेढे खाऊन राहिली, अन् तुलेच कडू लागून राहिलं! दादा, तू बी बाबासारखाच. कालचा पेपर!"

"पेढा तर भाऊजींनी बी खाल्ला," आतून त्याची बायको वंदना म्हणाली. खाल्ला होता, बाबा. दोन.

आठवतं ना? घरी आलेला ताजा पेपर तुम्ही रेडिओच्या फळीवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचायचे. शेजारी चिडवायचे, "युद्ध थांबलं तरी तुमाले उद्याच समजन!" तुम्ही म्हणायचे, "प्लेट थंडी होऊ द्या. गरम असते तवा सारी बरोबरच दिसते. वाकली का चिरली, थे मंग समजते."

रागावू नका, पण तुमची नोकरी पक्की होती. तुम्हाला थांबणं परवडत होतं. ज्याला परवा उत्तर द्यायचंय, त्याने बातमी थंड व्हायची वाट किती पाहायची? याचं उत्तर न देताच तुम्ही गेलात.

तरी तुमचं ते प्लेटचं वाक्यच मी राजूला ऐकवलं. मग उमेदवाराचा फोटो असलेला आजचा पेपर त्याने घडी घालून तुमच्या फळीवर ठेवला.

"उद्या वाचतो," म्हणाला. "रायपूरले तोवर काई कळवत नाही."

उद्याच्या पेपरात माझा लेख असेल. मी जाईन, त्याच्या शेजारी बसेन; आधी फळीवरचा वाचू, मग माझा. आणि परवा काय कळवायचं, ते त्याने सांगेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. कबूल!

जयभीम, बाबा.

तुमचा थोरला,
सुधीर