वेदीमागची वीट

४ मार्च
पोचलो एकदाचे! लढाईत मेलेल्यांच्या स्मरणार्थ इथे कॅथेड्रल बांधतायत. गवंडी म्हणून कामावर आलो आणि राहायला चक्क घर मिळालं. बाँबने मागची भिंत कोसळली आहे, तेवढं सोडलं तर झकास. आमची ही लगेच चूल पेटवून बसली, लेकीने, चिमीने, खिडकी बळकावली.

मुकादमाने इथली रीत सांगितली. ज्या घरातलं कुणीच उरलं नाही, त्या घराची एक वीट वेदीमागच्या भिंतीत बसवायची. फादर त्या घरातल्यांची नावं वाचून मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करतात, की ते घर मिटलं असं सगळे धरतात.

१० मार्च
एका घराची वीट कमी पडली. त्या घराचा नुसता चुरा झालाय. उद्घाटनाला बिशप बडे पाहुणे आणणार. त्यात बाँब टाकायला लावणारेही आहेत, असं मुकादम म्हणाला आणि थुंकला. त्यांच्यासाठी मखमली खुर्च्या आल्यात. फादरांनी घाई लावली, म्हणून आमच्या घराच्या पडक्या भिंतीतली धड वीट नेऊन ठोकून दिली. कुणाला कळतंय?

१२ मार्च
पाववाल्याने चिमीला पाव दिला नाही. मी जाऊन झापलं, तर म्हणाला, कुठली मुलगी? ती माझं बोट धरून उभी होती.

१३ मार्च
नळावर हिच्याशी कुणी बोलेना. मुकादमाला विटेचं सांगितलं, तो पांढराफटक पडला. घरात माणसं नांदताना वीट लावलीस? आजच्या आज काढ, म्हणाला. फादर म्हणाले, पाहुणे जाईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. मेलेल्यांचा भारी पुळका. जिवंत माणसं गेली खड्ड्यात.

१५ मार्च
मिस्सा झाली. फादरांनी नावं वाचली — माझं, हिचं, चिमीचं. मी उभा राहून ओरडलो. कुणी वळलं नाही. मुकादम शेजारीच रडत होता.
घरी चूल गार. दोघी नाहीत.

१६ मार्च
भिंतीतून चिमी बोलतेय. आत खूप माणसं आहेत म्हणते, बसायला जागा नाही —

पाहुणे आले. त्यांच्यादेखत छिन्नी लावली. अडवणार कोण? मी दिसतोय कुणाला?

वीट निघाली. ही म्हणते, आम्हाला बाहेर काढू नका. बाहेर आपलं कोण आहे? तुम्हीच या.
हात घातला. खांदाही जातोय — कसा ते —
चिमीने बोट धरलं. वीट आतून लावायची, पण सिमेंट बाहेरच राहिलं —