तिसऱ्या मजल्यावरचं वसतिगृह

४ मे, लातूर
अनुदानाचा अर्ज शेवटी माझ्याच गळ्यात. संस्थेत इंग्रजी बरं असलेले दोघंच, मी आणि सचिव मानेसर. सचिवांना 'वेळ नाही'. सकाळी चौकातल्या हॉटेलात चहा पीत बसायला आहे.
मुंबईची एक संस्था पुनर्वसनाच्या कामाला अनुदान देते. आम्ही मागतोय भूकंपातल्या गावांच्या मुलींसाठी लातुरात वसतिगृह. नव्या गावात दहावीपर्यंत शाळा, पुढे काही नाही. रोज एसटीने येऊन अकरावी सायन्स होत नाही आणि शहरात खोली मिळत नाही, जिकडेतिकडे क्लासची पोरं. काल एका घरमालकाने मला जिन्याखालची जागा दाखवली. वर म्हणतो, हवेशीर आहे.

९ मे
जागा सापडली, असं मानेसर आज अगदी सहज म्हणाले. सहज सांगितलेल्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास बसत नाही.
"तिसरा मजला आख्खा रिकामा हाय, मॅडम. भाडं बी वाजवी."
कुणाचा?
"आमच्या मेहुण्याचा."
मेहुणा म्हणजे फिजिक्सचा क्लासवाला. खालचे दोन्ही मजले क्लासचे. बोर्डावर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क.
मी भाड्याचा आकडा लिहून मागितला.

१० मे
नांदेडला ह्यांना फोन. हे म्हणाले, "तू तर देवाकडून प्रसादाचीही पावती घेशील." हसले. बूथवालाही हसला. म्हणजे ऐकत असतो. उद्यापासून दुसरा बूथ.

१४ मे
नव्या गावाला गेले. जेवण कमळबाईंकडे. भूकंपात त्यांचा नवरा आणि थोरला गेला. धाकटी रेखा धाब्याच्या घराच्या मातीखालून जिवंत निघाली. तिचीच यंदा दहावी झाली.
सरकारने दिलेलं घर चांगलं पक्कं, स्लॅबचं. आत ज्वारीची पोती आणि शेळी. मायलेकी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात! मी पाचव्या मिनिटाला पदराने वारा घ्यायला लागले. घरात का नाही झोपत, विचारलं.
"पत्रा पडला तर खोक पडंल बाई. स्लॅब पडला तर माणूसच ऱ्हात न्हाई."
एकट्या त्याच नाहीत. गल्लीभर हेच, शेळ्या घरात आणि माणसं शेडमध्ये. रेखा भाकरी वाढताना म्हणाली, तिला डॉक्टर व्हायचंय. म्हणाली आणि लगेच चुलीकडे वळली. पोर मला फार आवडली.
परतताना एसटीत डोक्यात लख्ख झालं. तिसरा मजला. या मुली तिथे झोपणार कशा?

१५ मे
मानेसरांना विचारलं. "होईल सवय, मॅडम. लेकरं हायेत."
पण हाच माणूस भूकंपानंतर कितीतरी दिवस त्या गावात होता. दगड उपसताना उजव्या हाताची बोटं चिरडली, अजून पेन नीट धरता येत नाही. पोरींची भीती त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक असणार. तरी तिसरा मजला.
म्हणजे मुली येतील. चार रात्री जाग्या काढतील, घरी पळतील. खाटा, पंखे, नळ सगळं अनुदानातून झालेलं. खोल्या रिकाम्या आणि खालीच क्लास. मग उदगीरची, हदगावची, पैसे मोजणारी पोरं आपोआप वर चढतील. कुणी कुणाला फसवलं असं म्हणताही येणार नाही.
हे खरंच असं आहे, की माझंच डोकं...

१९ मे
अर्जात मीच बदल केला : तळमजला, पत्र्याचं छप्पर, मुलींच्या आयांची तशी मागणी आहे. भांडणाच्या तयारीने गेले. मानेसरांनी वाचलं, चष्मा पुसला. "बरोबर हाय. टाका."
इतकंच? रिक्षावाल्याशी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस इथे एका शब्दात हो म्हणतो! अर्जात काही का लिहिना, जागा तीच घ्यायची हे ठरलेलं असणार. नकार दिला असता तर बरं वाटलं असतं.

२ जून
मुंबईहून दस्तूरबाई पाहणीला. मंजुरी त्यांच्या हातात. पिकलेले केस, थांबत थांबत बोललेलं मराठी, नजर मात्र सगळीकडे.
मानेसरांनी गावात आधीच निरोप पाठवलेला : घरात बसा. शेळ्या बाहेर, माणसं आत. बघायच्या कार्यक्रमाला मुलगी बसवतात तशी कमळबाई पक्क्या घरात सतरंजीवर, आणि सारख्या वर बघतायत. दस्तूरबाईंनीही वर पाहिलं. मग माझ्याकडे. 
मानेसर नंतर म्हणाले, पाहुण्यापुढं जरा बरं दिसावं म्हणून. मला संताप आला. बाईला त्या छताखाली बसवून बरं काय दिसायचं होतं?
निघताना कमळबाईंनी सगळ्यांदेखत मलाच गाठलं. "खरंच जागा काढूलालाव का बाई, का बाकीच्यावानी फोटू काढून जाणार?"
माझ्यावर संशय! माझ्यावर!

१३ जून
निकाल. रेखा शाळेत पहिली. कमळबाईंनी सरपंचाकडून फोन केला, धड बोलता येत नव्हतं. "आता जागेचं तुमच्याकडं. हाव म्हणा."
मी हो म्हणून बसले. कशाच्या जिवावर म्हणाले कोण जाणे. मंजुरीचा पत्ता नाही.

१७ जून
मेहुण्याच्या बिल्डिंगवरून मुद्दाम गेले. तिसऱ्या मजल्यावर खाटा चढवणं चाललेलं. मंजुरीच्या आधी खाटा? वॉचमन म्हणतो, होस्टेलच्या. कुणाच्या होस्टेलच्या? "ते मला न्हाई माहीत. सायबाला इचारा."
मागच्या अंगणात पत्र्याची लांब खोली उभी आहे. नवी कोरी, रंगाचा वास येतोय. ही कशाला? "सायकली ठिवायला."
रस्त्यावर आल्यावर वाटलं, सायकलींना खिडक्या कशाला हव्यात?

१८ जून
मानेसरांना खाटांचंही विचारलं आणि त्या खोलीचंही. "मंजुरी येऊ द्या, मग बोलू." पुढे पेपर वाचायला लागले. चांगलं काही करत असतील तर सांगायला काय होतं? वाईट करत असतील तर इतके निवांत कसे?

२२ जून
ऑफिसात दस्तूरबाईंचा फोन, मलाच. मानेसर समोरच्या खुर्चीत.
"उद्या ठरवायचं आहे. मला एकच सांगा, तुमच्या सचिवांवर तुमचा भरवसा आहे? हो म्हणा, मी मंजूर करते. नाही म्हणा, पैसे यंदा दुसऱ्या जिल्ह्याला जातील."
उद्या कळवते म्हटलं. मानेसरांनी विचारलं, कोण होतं? नांदेडहून होता, ह्यांचा, असं बेधडक सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं नसावं.
मग बूथवर जाऊन खरोखरच ह्यांना फोन लावला. "तुझ्याकडे पुरावा काय?" खाटा, खिडक्या आणि एक मेहुणा. "आणि ते चांगले आहेत याचा?" मोडलेली बोटं. आणखी काय? हे यावेळी हसले नाहीत.

२३ जून
दस्तूरबाईंना फोन करायला निघाले तर दारात रेखा. लोखंडी पेटी, वळकटी. आईने एसटीत बसवून दिलं, अकरावीचा प्रवेश उद्या. मी जवळजवळ ओरडलेच, अगं, जागेचं अजून नक्की नाही, आईने पाठवलं कसं?
"आई म्हणली, या बाई कुणावरच भरवसा ठिवत न्हाईत. त्यांनी हाव म्हणलंय म्हंजी समदं बगूनच म्हणलं असंल."
तिला चहा करून दिला आणि बाहेर पडले. बूथवर रांग आहे, बाकावर बसून लिहितेय. 'नाही' म्हटलं तर उद्या पोरगी गावी परत. 'हो' म्हटलं तर तिला कुठे झोपवतील, तिसऱ्या मजल्यावर की त्या पत्र्याच्या खोलीत, ते मला आजही माहीत नाही. रांगेत माझ्या आधी एकच माणूस उरलाय, तोही आता बूथवाल्याला पैसे देतोय.