पिंपातला खिळा

कोल्हापूर, ता. १२ ऑगस्ट

ती. शशिधर मामांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल गडहिंग्लजच्या एसटीनं पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता, म्हणून वाकवलेल्या खिळ्यांबरोबर हे पत्र. मैत्रिणी हसतात, पत्रं कसली लिहितेस म्हणून. हसू देत.

पाच इंची तिन्ही खिळे नुसत्या हातांनी वाकले! आधी कोन, मग वळसा, मग दोन्ही टोकं जवळ, तुम्ही सांगितलं तस्संच. चामड्याची पट्टी गुंडाळली होती, तळहाताला काही झालं नाही. उजवं मनगटही गप्प आहे. गाडीवरून पडून ते मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी वजनं बंद केली, फक्त पकड हळूहळू वाढव म्हणाले. तालमीचे वस्ताद हंबीरराव तर माझ्याकडं बघायचंच टाळायचे. आता तेच म्हणतात, नवरात्राच्या मेळाव्यात स्टेजवर बोल्ट वाकवून दाखव, मुलींचा वर्ग तुझ्या हवाली करतो. मामा, मला तो वर्ग पाहिजे. दुसरं काही सुचत नाही बघा.

आता सहा इंची पाठवा आणि त्यानंतर बोल्ट. एक विचारू? तुमच्या दुकानातल्या पिंपातले खिळे असे काळपट का? नाकाशी धरले की मल्लव्वा मामींची भाकरी आठवते. दुकान चुलीशेजारी हलवलंत की काय?

अव्वा बरी आहे, पण आईच ती, माझ्या हातात खिळा दिसला की उठून आत जाते.

तुमचा लोभ या पार्सलासारखा वेळेवर येत राहावा.

तुमची भाची,
शिवांजली


गडहिंग्लज, ता. १७ ऑगस्ट

चि. शिवांजलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, खिळे बघितले. वळसा झ्याक आलाय. पण कोन मधोमध न्हाय, उजवीकडं सरकलाय. म्हंजे डावा हात कामचुकार हाय आणि मोडका हात राबतोय. असं करू नको.

काळपट म्हणशील तर पावसाळ्यात गंज धरतोय, म्हणून तेल लावून ठेवतो. वासाचं मामीला सांगितलं तर म्हणती, पोरीला कोल्हापुरात खायला मिळत न्हाय वाटतं, लोखंड हुंगत बसलीया.

सहा इंची तीन धाडतोय. तिन्ही पुरते वाकल्याशिवाय फुडं जायचं न्हाय. मधी दोन दिवस हाताला सुट्टी. आणि बोल्टाची एवढी घाई कशाला? स्टेज कुठं पळून चाललंय व्हय? फुडल्या वर्षीबी नवरात्र हाय की. मागं तुझी अव्वा आलती. लई रडली. काय बोलली ते ऱ्हाऊ दे.

तुझी माया अशीच वाकती असावी, मोडू नये.

तुझा मामा,
शशिधर


कोल्हापूर, ता. २० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, बोल्ट वाकला! तुम्ही नको नको म्हणत शेवटी पाठवलात तो. वाटला होता त्याहून सोपा गेला. मी घरभर नाचले, अव्वा भिंतीकडं तोंड करून भाजी निवडत बसली.

तालमीपुढं बोर्ड लागलाय, माझ्या फोटोसकट. फोटोत मी चोरासारखी दिसते, ते सोडा. मुलींनी वर्गासाठी नावंही दिलीत. हंबीरराव म्हणाले, आपल्या मेळाव्याची रीत अशी की बोल्ट आपण न्यायचा नाही. बघायला आलेल्यांतलाच कुणीतरी खिशातून काढून देतो, म्हणजे नकली म्हणायला जागा राहत नाही. मी म्हटलं, आणू देत की! गडहिंग्लजचं लोखंड काय आणि कोल्हापूरचं काय.

तुम्ही आणि मामी पहिल्या रांगेत पाहिजेत. तेवढा लोभ असावा.

तुमची,
शिवांजली


गडहिंग्लज, ता. २४ सप्टेंबर

चि. शिवांजलीस,
आशीर्वाद.

उभी असशील तर खाली बस आणि वाच. स्टेजवर चढू नको.

तुला धाडलेला एकबी खिळा पिंपातनं थेट धाडला न्हवता. मामीच्या चुलीत लाल करायचा आणि रातभर राखेत निवू द्यायचा. लोखंड मऊ पडतंय त्यानं. बोल्टबी तसलाच. पयलं पार्सल धाडायच्या आधीच तुझ्या अव्वानं येऊन माझे हात धरले आणि म्हणाली, पोरीचं मनगट परत मोडलं तर भाऊ म्हणून दारात येऊ नको. मला वाटलं, चार दिवस मऊ खिळे वाकवील, हौस फिटंल, गप बसंल. ही हौस न्हाय हे बोर्डाचं वाचल्यावर कळलं. तोवर मी लई फुडं गेलतो.

लोकांच्या खिशातला बोल्ट मऊ नसतोय, पोरी. तू जीव खाऊन जोर लावशील आणि मनगट जाईल. 

सोबत एक सहा इंची धाडतोय, पिंपातला, चूल न बघितलेला. घरीच धर, सावकाश. कळंल. मी कोल्हापूरला येतो आणि हंबीररावांस्नी माझ्या तोंडानं सांगतो, दोष माझा हाय.

माया ठेवायची का न्हाय, तुझी मर्जी.

शशिधर


कोल्हापूर, ता. २७ सप्टेंबर

शशिधर मामा,

खिळा धरला. तसूभरही हलला नाही.

अव्वाला विचारलं. ती म्हणाली, मी थांबव म्हटलं होतं, चुलीत घाल कुठं म्हटलं होतं? तिनं माझ्या पाठीमागं सांगितलं, तुम्ही चुलीत घातलं, म्हणजे दोघांनी मिळून मला शेंडी लावलीत. काळजी होती तर तोंडावर सांगायचं. चार इंचीवर वर्ष काढ म्हणाला असता, तरी काढलं असतं मी! आणि याच जोरावर मी मुलींना शिकवायला निघाले होते. उद्या एखादी माझ्या भरवशावर खरा बोल्ट धरून हात मोडून घेते, मग कुणाच्या दारात जायचं मी?

तुम्ही येऊ नका. काय सांगायचं ते मी बघते.

लोभाचं काही लिहीत नाही.

शिवांजली


कोल्हापूर, ता. ८ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मेळावा परवा झाला. दुसऱ्या कुणाकडून उलटसुलट कळण्याआधी मीच लिहिते.

हंबीररावांना आधीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, नाव काढून घे, आजारी आहे म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. स्टेजवर माइक घेतला. सांगून टाकलं, माझे खिळे मऊ होते, मला माहीत नव्हतं, बोल्ट आज माझ्याच्यानं वाकणार नाही. अशा शिट्ट्या पडल्या म्हणता! एकजण ओरडला, मग आलीस कशाला. मी म्हटलं, कुणाकडं सहा इंची खिळा असेल तर द्या, जाईल तेवढा वाकवते.

एका सुतारानं दिला. पट्टी गुंडाळली. तुमचा पिंपातला मी एक दिवसाआड धरत होते आणि तो ढिम्म होता, हाही तसाच वाटला. दात आवळले. आणि मामा, तो हलला! कोन पडला. त्यापुढं जाईना. मागच्या रांगांतून लोक चल चल ओरडत होते, आणि मनगट कुरकुरायला लागलं. मी तिथंच सोडला. सोडताना रडूच आलं मला, खोटं कशाला सांगू. हंबीररावांनी तो फळीवर ठेवला, तर खाली जेमतेम बोट जाईल एवढी फट. टाळ्या दोनचारच.

काल सकाळी ते घरी आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, जोर लावणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत, कुठं सोडायचं ते कळणारं कुणी नव्हतं. सोमवारपासून वर्गावर ये.

ते गेल्यावर अव्वानं स्टेजवरचा तो खिळा मागितला. दोन्ही मुठींत धरून चेहरा लाल होईपर्यंत दाबला. मग खाली ठेवला आणि माझं मनगट हातात घेऊन बसली. मोडल्यापासून तिनं ते कधी शिवलंही नव्हतं.

तो खिळा तुम्हाला पाठवत नाही, मुलींना दाखवायला ठेवलाय. तुम्ही मात्र खिळे पाठवा, चार इंचीपासून सुरुवात, मुलींना आणि मलाही. सगळे पिंपातले. मामींना सांगा, चुलीवर भाकरीच भाजा.

राग अजून आहे. लोभही आहे. तुमचाही असू द्या, फक्त तो मऊ करून पाठवू नका.

तुमची भाची,
शिवांजली