आकारामला सुवार्ता सांगायची आहे

रविवार, २ मार्च
चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरच्या आत प्रत्येकाने एका माणसाला येशूची सुवार्ता सांगायची. सगळ्यात आधी माझा हात वर. माणूसही ठरला: आकाराम. दूध संघाच्या ऑफिसात नऊ वर्षं शेजारचं टेबल. दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस सुरू. आजारी माणसाचं मन मऊ असतं. सोपी केस. मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात कुणाला कळू दिलेलं नाही. एकदम सांगितलं की इफेक्ट मोठा.

बुधवार, ५ मार्च
खिशात मावेल असा बायबलचा नवा करार घेतला. कँटीनमध्ये सुरुवात करणार, तर आकारामच म्हणाला, "सुनील, मेल्यावर काय असतंय रं?"
आयती संधी! पण पलीकडे आमचे मॅनेजर हंबीररावसाहेब बसलेले. म्हटलं, आज चहात साखर जास्त हाय.
घाई नडते.

मंगळवार, ११ मार्च
हंबीररावांनी विचारलं, रविवारी ओव्हरटाइमला का येत नाही? म्हटलं, आईला चर्चला सोडायला लागतं. म्हणजे तुम्ही किरिस्ताव? म्हटलं, आई हाय.
खोटं काय त्यात? आई आहेच. आकाराम डायलिसिसला गेलेला, बरं झालं.

सोमवार, १७ मार्च
आकाराम ॲडमिट. मोसंबी घेऊन गेलो. करार खिशात. त्याची बायको तानाबाई, "बोला निवांत" म्हणून बाहेर गेली. त्याने माझा हात धरला. "काय तरी बोल की. लई भ्या वाटतंय."
मन रमावं म्हणून सांगितलं, तुझं टेबल नव्या क्लार्कला, उदयसिंहला दिलंय.
त्याने भिंतीकडे तोंड केलं. मोसंबी वहिनींनी परत दिली, त्याला चालत नाहीत म्हणे. एकूण भेट छान.

गुरुवार, २० मार्च
व्हॉट्सॲपवर बायबलमधलं वचन टाइप केलं. लांबलचक वाटलं. गुलाबाचं 'गेट वेल सून' पाठवलं. लगेच उत्तर: "ये की."
पण मला सर्दी. त्याला इन्फेक्शन झालं तर? शनिवारी नक्की.

रविवार, २३ मार्च
काल फुटबॉलची फायनल होती. चर्चमध्ये सांगितलं, माझं काम प्रगतिपथावर आहे. सगळे आमेन म्हणाले.

बुधवार, २६ मार्च
आकाराम काल गेला.
घरी भेटायला गेलो. वहिनी सांगत होत्या, वॉर्डात झाडलोट करणारी आक्का किरिस्ताव. रोज हात धरून प्रार्थना करायची, तेवढ्यानं ह्यांचा डोळा लागायचा. काल तिची सुट्टी. तिलाच हाका मारत गेले.
"भावजी, तुमच्या वळखीत किरिस्ताव कोण हाय का? मला बी इचारायचंय, ती काय सांगत हुती त्ये."
घर माणसांनी भरलेलं.
म्हटलं, बघतो विचारून.