लिफ्टमधला वजनकाटा

रविवार, ६ एप्रिल २०२५. दुपारी ४
ईदची सुट्टी संपली. (इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, सुट्टी शुक्रवार-शनिवार.) आज शाळेने अकरावीचे फॉर्म वाटले. फिजिक्सपुढे दोन चौकोन आहेत, रेग्युलर आणि अ‍ॅडव्हान्स्ड. एकात खूण करायची, घरून सही आणायची, २४ तारखेपर्यंत परत द्यायचा. अ‍ॅडव्हान्स्ड हवं असेल त्यांची त्याआधी चाळीस मार्कांची टेस्ट.
माझा निर्णय झालेला आहे. अ‍ॅडव्हान्स्ड. यावर या वहीत पुन्हा लिहायचं नाही.

५.१०
फक्त कारण नोंदवून ठेवते. आम्ही गेल्या वर्षी जेद्दाला आलो. त्याआधी सहा वर्षं वाळवंटातल्या हफ्र अल बातिन गावी होतो. बाबा तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. मला पाठवावं अशी शाळा त्यांना जवळपास दिसली नाही, म्हणून मी घरीच शिकले. गणित आणि सायन्स बाबांकडे, बाकी सगळं आईकडे. बाबा लेखी परीक्षा घ्यायचे नाहीत. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर बसून तोंडी. विसापैकी अठराच्या खाली मी कधी गेले नाही. सहाही वर्षं वर्गात पहिली.
(वर्गात मी एकटीच होते. प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय म्हणून हेही.)
इथे आल्यापासून सायन्समध्ये सत्तर-बाहत्तर पडतात. पण त्यात बायॉलॉजी आहे.

मंगळवार, ८ एप्रिल. संध्याकाळी ६
आज बाबांची सुट्टी. टेबलावर तोंडी परीक्षा, जुन्या पद्धतीने. वीसपैकी वीस.
एक प्रश्न चांगला होता. लिफ्ट एकाच वेगाने वर चालली आहे. आत वजनकाट्यावर माणूस उभा आहे. काटा जास्त दाखवेल, कमी, की तेवढंच? मी "जा..." म्हणाले, थोडी थांबले, विचार केला आणि "तेवढंच" म्हणाले. बाबांनी टेबलावर थाप मारली.
आई भाजी निवडत होती. म्हणाली, लोकांना झोपवणं यांचा धंदाच आहे, पण पोरगी जागी दिसतेय. बाबा खूप हसले.
मग अहिल्या आत्याचा नाशिकहून फोन आला. ती बाबांची मोठी बहीण. फोन स्पीकरवर होता. पोरीला सहा वर्षं वाळवंटात कोंडलंस, आता अकरावीत तिचं कसं व्हायचं, म्हणाली. हे ती दर फोनला म्हणते. बाबा दर वेळी विषय बदलतात. आज त्यांनी आंब्याचा भाव विचारला.
मी अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गेले की बाबांना विषय बदलावा लागणार नाही. हे दुसरं कारण. खरं तर पहिलं.

गुरुवार, १० एप्रिल. दुपारी ३.३०
लेखी सराव केला. खोलीत, दार लावून, वेळ लावून. २० पैकी ७.
कारणं: १) खुर्ची बुटकी आहे. २) एसीचा आवाज. ३) पेन नवीन.
खुर्चीवर उशी ठेवून पुन्हा सोडवणार होते. पण तेच प्रश्न पुन्हा सोडवणं म्हणजे कॉपी होईल, म्हणून नाही केलं.
रोशनीने रेग्युलर घेतलं. माझ्या बाकावर बसते, कोचीची आहे. "मुझे आता नहीं है यार" म्हणाली आणि सँडविच खायला लागली. इतक्या सहज कसं म्हणता येतं कोण जाणे. तिची मला काळजी वाटते.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ११
कालपासून धुळीचं वादळ. खिडक्यांना ओले टॉवेल लावलेत. बाबांना खोकला, म्हणून घरातही मास्क लावून बसलेत. तशीच तोंडी परीक्षा घेतली. २० पैकी ६.
बाबा गोंधळले. तेच प्रश्न थोडे बदलून विचारले. ५.
धुळीचा मेंदूवर परिणाम होत असावा. बाबांना तसं विचारलं. ते डॉक्टर आहेत. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.
आई दारात उभी राहून एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा बाबांच्या मास्ककडे.
संकल्प: टेस्टपर्यंत रोज दोन तास. आज धुळीमुळे नाही.

सोमवार, १४ एप्रिल
संकल्पातला एक तास झाला. (पन्नास मिनिटं.) उरलेला वेळ चौकोन बघण्यात गेला. अ‍ॅडव्हान्स्डच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक खूण केली, मग खोडली. कागद जरा विरला. शाळा याला खाडाखोड समजेल का?

मंगळवार, १५ एप्रिल. दुपारी २.४०
टेस्ट झाली. बरी गेली.
नूरुन्निसा मिस आमच्या फिजिक्सच्या. हैदराबादच्या आहेत, शिस्तीच्या. पूर्ण वेळ समोर बसून होत्या. मी उत्तर लिहायच्या आधी दर वेळी त्यांच्याकडे बघत होते. का, ते माहीत नाही. चेहऱ्यावर काही नाही. नमाजाच्या वेळेला शटर ओढलेल्या दुकानासारखा.
शेवटी त्याच म्हणाल्या, "क्षितिजा, पेपर नीचे है."

गुरुवार, १७ एप्रिल
११/४०. पात्रता २८.
मिसनी नंतर थांबवलं. घरून लेखी मागणी आली तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तरीही बसता येईल, असा नियम आहे म्हणाल्या. काय करायचं ते त्या सांगणार नाहीत. सोच लो, म्हणाल्या.
म्हणजे अजून सगळं माझ्या हातात आहे. निर्णय झालेलाच आहे.
घरी मार्क सांगितले नाहीत. बाबांची ड्युटी होती. सांगणार आहे.

शुक्रवार, १८ एप्रिल. सकाळी १०
पेपर पुन्हा तपासला. लिफ्टचा प्रश्न आला होता. मी "जास्त" लिहिलंय. मिसनी फुली मारली. मला वाटतं मिस चुकल्यात. वर जाताना पाय दाबल्यासारखे होतात, हे कुणालाही ठाऊक आहे. तक्रार करण्याआधी पुरावा हवा.

११.३०
बाथरूममधला वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभी राहिले. तळमजला ते सहावा. जमिनीवर ४८. लिफ्ट निघताना काटा ५१ वर गेला, मला आनंद झाला. मग तो परत ४८ वर आला आणि सहाव्यापर्यंत तिथेच राहिला. वर थांबताना ४५.
काटा बिघडला असेल म्हणून अकरा वेळा केलं. बिल्डिंगचे वॉचमन तौकीरभाई सहाव्या फेरीला दार धरून उभे राहिले. "बेटी, वजन तो घर में भी होता है," म्हणाले. मग दोन पिशव्या घेऊन जिन्याने गेले. त्यांची माफी मागायची आहे.
काटा बिघडलेला नाही.

१२.१५
ही वही चाळली. ८ तारखेला याच प्रश्नाचं उत्तर मी बाबांना "तेवढंच" दिलं होतं. बरोबर. मग मंगळवारी विसरले कशी? मधे तर एकच आठवडा गेला.

शनिवार, १९ एप्रिल. दुपारी ४
आईला वही दाखवली नाही, पण हे विचारलं. मार्कही सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.
"तू पुस्तक वाचत नाहीस, क्षितू. तू बाबांचं तोंड वाचतेस."
बाबांना उत्तर चुकीच्या वाटेला जाताना दिसलं की त्यांचा खालचा ओठ आत जातो. बरोबर वाटेला आलं की सुटतो. आईला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मला वाटायचं, मी विचार करतेय.
मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, तिथे तुम्हा दोघांना दुसरं काय होतं. संध्याकाळी दोन तास बाबा खूश, तू खूश. मला मोडवलं नाही.

६.००
सहा वर्षं. आठवड्याला तीन परीक्षा. ही कॉपी धरायची का? मला माहीत नसताना झाली, म्हणून अर्धी कॉपी धरावी. तरी हजारांच्या घरात मार्क परत करावे लागतील. कुणाला?
बाबांना सांगितलं तर त्यांना वाटेल, त्यांनी शिकवलंच नाही. मग आत्याचं खरं ठरेल.
म्हणून: अ‍ॅडव्हान्स्डच घ्यायचं आणि वर्षभरात खरोखर शिकायचं. म्हणजे जुने मार्क मागून खरे होतील.
संकल्प: बाबांच्या तोंडाकडे बघायचं नाही.

सोमवार, २१ एप्रिल. संध्याकाळी ५.३०
पुन्हा विचार केला. रेग्युलर. मार्क सांगायचे, रेग्युलर घेते म्हणायचं, सही घ्यायची. तीन वाक्यं पाठ केली.
बाबा चहा पीत होते. मार्क चहा झाल्यावर सांगावेत असं ठरवलं. आधी मी म्हणाले, बाबा, मी जर रेग्युलर घेतलं तर...
त्यांचा खालचा ओठ आत गेला.
बघणार नव्हते. पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे नाही तर कुठे बघायचं? ओठ आवळलेला, पूर्ण. लिफ्टच्या प्रश्नाला होता त्याहून जास्त.
"...पण मला वाटतं अ‍ॅडव्हान्स्डच," मी म्हणाले.
"तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही."
पेनाने खूण केली. बाबांनी मागणीच्या जागी सही केली. पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. डोळे भरल्यासारखे वाटले. अभिमान असणार.
मार्क सांगायचे राहिले.

मंगळवार, २२ एप्रिल
फॉर्म दिला. मन हलकं झालं.
पोटात दुखतंय. कॅन्टीनचं फलाफल.

बुधवार, २३ एप्रिल. दुपारी ४.२०
फलाफल नव्हतं.
शाळेतून आल्यावर वरण-भाताला हात लावला नाही. बाबा रात्रपाळी करून घरीच होते. शेजारी येऊन बसले, समोर नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं असावं.
मिसचा ईमेल त्यांना १७ तारखेलाच आला होता. ११/४०, सगळं. आईने त्यांना ओठाचंही सांगितलं आहे. शनिवारीच.
मी विचारलं, मग रेग्युलर म्हटल्यावर ओठ का आवळलात?
बाबा म्हणाले, "अगं, सुटल्यासारखं झालं मला. हुश्श म्हणणार होतो. तुझी आई म्हणाली होती, तोंडावर काही दिसू देऊ नका, तिला ठरवू द्या. म्हणून धरून ठेवला."
म्हणजे मला ओठही वाचता आला नाही. सहा वर्षांत तेवढा एकच विषय झाला होता.
मी म्हणाले, पण आत्या. त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "ताईला काय सांगायचं ते मी बघतो. तो प्रश्न माझ्या पेपरात आहे, तुझ्या नाही."
मग उठून माझ्या भातावर तूप घातलं. जास्तच घातलं.

गुरुवार, २४ एप्रिल. दुपारी ३
शेवटचा दिवस. फॉर्म बदलता येतो, पण बदलाचं कारण एका ओळीत स्वतः लिहायचं, असं नूरुन्निसा मिस म्हणाल्या. कागद दिला आणि माझ्याकडे पाठ करून फळा पुसायला लागल्या. फळा आधीच स्वच्छ होता.
पहिलं कारण लिहिलं: प्रकृती. खोडलं. दुसरं: इतर विषयांचा भार. खोडलं, कारण इतर विषय तेवढेच आहेत. धुळीचं वादळ लिहायला घेतलं होतं.
मग रोशनी आठवली आणि तिचं सँडविच. इंग्रजीत लिहिलं की मला हे येत नाही. लिफ्टचा प्रश्न येतो, तो मी करून बघितला आहे. बाकीचे अजून नाहीत.
एका ओळीच्या दोन झाल्या. तसं सांगितलं. मिसनी वाचलं आणि हातातल्या लाल पेनाने, सवयीने असेल, शेजारी बरोबरची खूण केली. यल्ला, घर जाओ, म्हणाल्या.

संध्याकाळी ७.३०
जेवताना बाबांनी विचारलं, काय झालं. मी ताटाकडे बघून सांगितलं, रेग्युलर.
त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.
(एकदा बघितलं. काही कळलं नाही.)